घाऱ्या डोळ्यांची बाई

“माझा फोटू कुणाला इचारून लावलासा हितं?”

दालनाच्या दारातून आवाज आला तेव्हा जिनपाल मगदूम शिडीवर उभा होता आणि दिव्याची मान वळवत होता. त्याचा हात जागच्या जागी थांबला.

खाली एक बाई उभी होती. साठी उलटलेली, काठापदराचं नऊवारी लुगडं नेसलेली, रागानं लाल झालेली. हातात प्रदर्शनाचं पोस्टर होतं. ते तिनं कुठल्या तरी भिंतीवरून ओरबाडून काढलेलं दिसत होतं, कारण मागं चुन्याचे पोपडे चिकटलेले होते.

“मावशी, संग्रहालय बंद आहे. उद्या उद्घाटन आहे. उद्या या.”

“उद्या न्हाई, आत्ता. कुरुंदवाडच्या स्टँडवर माझं त्वांड चिकटवलंयसा. केस मोकळं सोडलेलं! सुनेच्या माहेरची माणसं इचारत्यात, गौराक्का, तरणी असताना असलं फोटू काढून घ्यायचीस व्हय? काय सांगू त्यास्नी?”

जिनपालच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

खरं तर सकाळपासूनच त्याचं डोकं तापलेलं होतं. दोन वर्षं राबून त्यानं हे प्रदर्शन उभं केलं होतं. चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची जुनी चित्रं, संस्थानी दरबारांचे फोटो, हातानं रंगवलेले जोडफोटो, आणि तिथून पुढं आजपर्यंत. फोटो ही कला कशी झाली, हे भिंतीभिंतीवर मांडलेलं होतं. शेवटची भिंत मात्र त्यानं आपल्या गुरूसाठी राखली होती. त्या भिंतीवर एकच फोटो होता.

आणि तो गुरू, मिरजेचा कासम मुजावर मास्तर, सकाळपासून त्या फोटोसमोरच्या बाकावर बसून होता. ऐंशी ओलांडलेला माणूस. गाडी पाठवून मानानं आणलेला. फोटो बघून त्यानं कौतुकाचा एक शब्द काढला असेल तर शपथ.

“कसं वाटलं, मास्तर?” जिनपालनं दोनदा विचारलं होतं.

पहिल्यांदा मास्तर म्हणाले, “चहा मिळंल का?”

दुसऱ्यांदा म्हणाले, “लाईट लई मारलीयस.”

ज्या दिव्यासाठी त्यानं तीन कारागीर पळवून लावले होते, त्या दिव्याची ही किंमत. जिनपालला ते फार लागलं. आणि वर ही बाई.

तो शिडीवरून उतरला. “मावशी, नीट ऐका. हा फोटो तुम्ही लहान होता तेव्हाचा आहे. साठ वर्षांपूर्वीचा. ह्यातली बाई तुम्ही असूच शकत नाही.”

“मग हे डोळं कुणाचं?” तिनं पोस्टर त्याच्या तोंडासमोर धरलं.

जिनपालनं आधी पोस्टरकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

पोस्टरवर भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा होता, दोन्ही बाजूंना मोकळे केस, आणि मधे ते डोळे. फिकट, घारे, समोरच्याला खिळवून ठेवणारे. त्याच डोळ्यांनी ही बाई त्याच्याकडं रागानं बघत होती.

“असतात अशी माणसं सारखी,” तो तुटकपणे म्हणाला. “जगात घाऱ्या डोळ्यांची तुम्ही एकट्याच आहात का?”

“आमच्या घरात एकटीच हाय.” हे ती वेगळ्याच रागानं बोलली. “सावत्र आई मरंस्तवर म्हणायची, कुणाचं डोळं घेऊन जल्मलीस गं, भवाने? आईला खाल्लंस आन् मांजरीवाणी बघतीस. आता म्हातारपणी जरा इसरलो हुतो, तर तुम्ही त्येच डोळं गावभर चिकटवलंसा!”

“हे बघा, मला कामं आहेत...”

“मला मोठा फोटू दाव. न्हाईतर हितंच बसतो.”

बाकावरून मास्तर पहिल्यांदाच बोलले. “दाव तिला.”

“मास्तर, तुम्ही मधे...”

“दाव म्हटलं ना.”

जिनपाल दात-ओठ खात बाजूला झाला. गौराक्का तरातरा शेवटच्या भिंतीपाशी गेली.

भिंतीवर अख्खा फोटो होता. माणसाच्या उंचीचा केलेला. पोस्टरवर कापलेलं कपाळ इथं पुरतं दिसत होतं.

तिनं पायातली चप्पल काढली.

“ही तर मयत हाय,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“मयत सवाष्ण हाय ही. मळवट दिसत न्हाई व्हय तुला? कपाळभर कुकू भरलंय.”

जिनपालला हसू आलं. रागातलं हसू. “मावशी, ती सावली आहे. खिडकीच्या चौकटीची सावली.”

ह्या सावलीवर त्यानं माहितीपुस्तिकेत दीड पान लिहिलं होतं. उजेडाला न घाबरता अर्धं कपाळ अंधारात बुडवण्याचं धाडस, वगैरे. मुंबईच्या जाणकारांनी ते वाचून माना डोलावल्या होत्या. आता कुरुंदवाडची एक बाई त्याला कुंकू आणि सावली यांतला फरक सांगत होती.

“आणि मयत असेल तर डोळे कसे उघडे?” त्यानं विचारलं. “बघते आहे ती. बघते!”

गौराक्का मागं वळून बाकाकडं बघायला लागली.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. “बाई, वडील कोण तुझं?”

“दादू चौगुले. गेलं मागंच.”

“मिरजेत हुता?”

“ल्हानपणी हुतो म्हणं. वखारीमागं. मला काय आठवत न्हाई. तीन वर्सांची हुतो, आई गेली. मग आबानं दुसरी केली, गाव सोडलं...”

मास्तर जिनपालकडं न बघताच म्हणाले, “पाटी वाच.”

“कुठली?”

“फोटूखालची. तूच लिवलीस नव्हं? मोठ्यानं वाच. बाईला वाचता येत नसंल.”

पाटी जिनपालला तोंडपाठ होती. ह्या पाटीवर त्याची सारी इमारत उभी होती. बारा वर्षं तो मास्तरांच्या स्टुडिओत शिकला आणि एक दिवस भांडून बाहेर पडला होता. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या पुसायच्या, काळ्याला गोरं करायचं, टकलाला केस काढायचे, ही कला नव्हे, रंगरंगोटी आहे, असं तोंडावर सांगून तो निघाला होता. पुढं त्यानं नाव कमावलं ते फोटोला बोट न लावण्याच्या तत्त्वावर. स्टुडिओ बंद करताना मास्तरांनी काचेच्या निगेटिव्हची पेटी त्यालाच दिली, आणि त्या पेटीत त्याला हा फोटो सापडला. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता. आपला गुरू अगदीच वाया गेलेला नव्हता. एकदा का होईना, त्याच्या हातून खरी कला घडली होती.

त्यानं मान ताठ केली आणि वाचलं. “अनामिक स्त्री. काचेच्या निगेटिव्हवरून. कोणतीही रंगसफाई नाही. ही नजर छायाचित्रकारानं घडवलेली नाही, केवळ टिपलेली आहे.”



“अनामिक न्हाई,” मास्तर म्हणाले. “चंद्राबाई. चंद्राबाई दादू चौगुले.”

गौराक्काच्या हातातलं पोस्टर खाली पडलं.

“वखारीमागनं बोलावणं आलं,” मास्तर सांगायला लागले. “मी नवा हुतो. म्हटलं, साखरपुडा असंल. जाऊन बघतो तर बाई भिंतीला टेकवून बसवलेली. न्हाऊ घातलेली, केस मोकळं, मळवट भरलेला. डोळं मिटलेलं. बाहेर माणसं तिरडी बांधत्यात, आन् दादू मला म्हणतोय, मास्तर, डोळं उघडं पाहिजेत.”

“मास्तर...” जिनपाल म्हणाला.

“म्हटलं, मयताचं डोळं कसं उघडू बाबा? तर म्हणला, पोर ल्हान हाय. मोठी झाली की आई बघायला मागंल. मिटलेलं डोळं बघून घाबरंल ती. तिच्याकडं बघणारी आई पाहिजे.”

“मास्तर, थांबा.”

“कसं थांबू? तू पाटी वाचताना मी थांबवलं का तुला?”

आता मास्तरांच्याही आवाजाला धार चढली होती. जिनपालनं ती बारा वर्षांत दोनदाच ऐकली होती.

“मी तिचं डोळं उघडं कधी बघितलंच नव्हतं. काढू कुणाचं? शेजारीण उभी हुती, तिनं कडेवरचं प्वार पुढं केलं. म्हणाली, हिचं बघून काढा, हिनं आईचंच डोळं घेतल्यात. घारं डोळं. रडून रडून सुजलेलं. पण माझ्याकडं असं बघत हुती, की ह्यो माणूस काय करतोय माझ्या आईला...”

त्यांनी गौराक्काकडं पाहिलं. ती अजूनही तसंच बघत होती.

“दोन दिवस लागलं. काचेवर शिसपेन्सिलीनं डोळं भरलं, बाहुल्या पात्याच्या टोकानं खरवडल्या. फोटू तयार झाला. दादू आला न्हाई.”

जिनपालच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या इथं मोठमोठी माणसं येणार होती. ही पाटी वाचणार होती. पुस्तिका छापून तयार होती. आणि फोटोतली जी गोष्ट कुणी घडवली नाही म्हणून त्यानं मिरवली, तीच तेवढी घडवलेली निघाली होती. बाकी सगळी बाई मेलेली होती.

भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही.

“तुम्ही फसवलंत मला!” तो ओरडला. दालन घुमलं. “सकाळपासून समोर बसून आहात, एक शब्द बोलला नाहीत! पेटी देतानाही बोलला नाहीत!”

“पेटी देताना काय म्हणालो हुतो?”

जिनपाल थबकला. ते वाक्य तर पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं, ठळक अक्षरांत. “जपून ठेव. कुणीतरी येईल.”

“त्याचा अर्थ तू काय लावलास?”

जिनपालनं लावलेला अर्थही पुस्तिकेत होताच. कलावंताला येणाऱ्या काळावर असलेला विश्वास, असा. आणि मनातल्या मनात लावलेला अर्थ त्याहून सोपा होता. कुणीतरी म्हणजे आपण, असं तो धरून चालला होता.

“मयताच्या काचा आम्ही सोड्याच्या पाण्यात धुवायचो,” मास्तर म्हणाले. “फोटू दिला की काच धुवायची, फ्रेमला वापरायची. मेलेल्या माणसाला घरात दोनदा ठेवू न्हये. ही तेवढी धुतली न्हाई. गिऱ्हाईक यायचं हुतं. आता माझ्यानं हुईना, म्हणून तुला दिली.”

“पण मला सांगायचं तरी!”

“काच हातात आली की पयलं काय करायचं, म्हणून शिकवलं हुतं?”

जिनपालनं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं.

“बोल की.”

“उजेडाला तिरपी धरायची.”

“का?”

“पेन्सिल चमकते.”

“धरलीस?”

जिनपालनं काच थेट स्कॅनिंगच्या मशिनवर टाकली होती. चित्र पडद्यावर आलं, ते डोळे आले, आणि त्यानंतर काचेला त्यानं पुन्हा हात लावला नव्हता. फोटोला बोट न लावणाऱ्या माणसानं काचेलाही बोट लावलं नव्हतं. स्वतःच्या चुकीचा राग सगळ्यांत वाईट, कारण तो काढायला दुसरा माणूस लागतो.

“ठीक आहे, मी चुकलो,” तो म्हणाला. “पण तुम्ही काय केलंत? प्रेताला डोळे काढलेत. दुसऱ्याचे! शेजारणीच्या सांगण्यावरून! ह्याला कला म्हणत नाहीत, मास्तर. ह्याला फसवणूक म्हणतात.”

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे? बघणाऱ्याची!”

मास्तरांनी काठी उचलली आणि गौराक्काकडं केली. “बघणारी आज आलीया. तिला इचार.”

गौराक्काला ह्या दोघांचं भांडण ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. ती फोटोच्या अगदी जवळ गेली होती. जिनपालच्या तोंडावर ‘हात लावू नका’ आलं होतं. दोन वर्षांची सवय. पण ते त्यानं गिळलं.

ती वळली. तिचा राग गेलेला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “म्हंजी ह्यो डोळा माझा?”

“तुझाच.”

“आन् माझा कुणाचा?”

“आईचा. शेजारीण म्हणाली तशी. मी काय बघितलं न्हाई.”

“शेजारणीला काय पडलीया खोटं बोलायची?” गौराक्का एकदम तडकली. जणू कुणी शेजारणीवर आळ घेतला होता. “मढं दारात असताना कोण खोटं बोलंल? आईचंच असणार. आईचंच हायत!”

मग ती त्या भिंतीसमोर फरशीवर बसली. आणि शिव्या द्यायला लागली. सावत्र आईला, बापाला, गावाला, वर्षाच्या आत दुसरीच्या गळ्यात माळ घालून फोटो न्यायला विसरलेल्या त्या दादू चौगुलेला. “मांजर म्हणायची मला! माझ्या आईचं डोळं हुतं, रांडे, माझ्या आईचं!” जन्मभर साठलेलं सगळं बाहेर येत होतं. शिव्या देता देता ती रडत होती, आणि रडता रडता परत वर बघत होती. वरून ती तरणी बाई तिच्याकडं बघत होती. कुणीही दालनात कुठंही उभं राहिलं तरी ते डोळे आपल्याकडंच बघतात, असं जिनपालनं पुस्तिकेत लिहिलं होतं. आता मात्र त्याला तसं वाटेना. त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

त्याला गौराक्काचा राग आला, मास्तरांचा आला, मेलेल्या दादूचा आला. आणि सगळ्यांच्या तळाशी त्याला स्वतःची इतकी चीड आली, की त्यानं पुढं होऊन भिंतीवरची पाटी खसकन उपटली. चिकटवलेली कागदी पाटी गिलावा घेऊनच निघाली. त्यानं ती मुठीत चुरगाळली.

“आता काय करू मी?” तो मास्तरांवर खेकसला. “उद्या सगळे येणार आहेत. काय लिहू खाली? खरा फोटो म्हणून लिहू? खोटा म्हणून लिहू? कुणी काढला म्हणून लिहू? तुम्ही, की शेजारणीनं, की ह्या मावशींनी? का उतरवून टाकू? सांगा ना! बारा वर्षं शिकवलंत, आता एवढं सांगा!”

मास्तर काठीवर भार देऊन उठले. उठायला त्यांना वेळ लागला. जिनपालनं सवयीनं हात पुढं केला, त्यांनी तो धरला. धरला तो सोडला नाही.

गौराक्का आता गप्प झाली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला होता आणि भिंतीला पाठ टेकून, फोटोच्या खाली, पाय पसरून बसली होती. दमली होती. तिचे डोळे मिटायला लागले होते.

वर दिव्याच्या झोतात ते दुसरे दोन डोळे तेवढे टक्क उघडे होते.

मास्तरांनी खालच्या बाईकडं पाहिलं. मग वरच्या.

“लाईट घालव, जिनपाल,” ते म्हणाले. “लई वर्सं जागी हाय बाई.”